न सांगता कळणारी माई

माईने डोळे उघडले नाहीत. समोरच्या खुर्चीवर बसलेल्या बाईचं मनगट तिने हातात घेतलं, त्यावर बांधलेल्या पांढऱ्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि मान किंचित कलती केली, जणू भिंतीपलीकडून कुणी कानात सांगतंय.

"कूस," ती म्हणाली. "घरची माणसं बोलतात. तू उलटून बोलत नाहीस. रडतेस ती न्हाणीघरात, नळ सोडून."

बाईने पदर डोळ्यांना लावला. खुर्चीवर बसल्यापासून तिने ओठ उघडले नव्हते. सगळ्या हॉलने एकदम श्वास सोडला. मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला, कुणीतरी हात जोडले. माझ्या शेजारी बसलेल्या कांदेबटाटेवाल्या आजी मात्र पुटपुटल्या, "न्हाणीघरात नाही तर कुठे रडणार? बाहेर जागा कुठंय?"

"आजी, हळू," पुढची बाई वळून म्हणाली.

"हळूच बोलतेय. माझा आवाजच बाजारातला आहे."

रद्दीच्या गोदामावरचा हा हॉल आठवड्यातून एकदा भरायचा. खाली वर्तमानपत्रांचे गठ्ठे, वर बायका. जिन्यावर रांग, रांगेत शिक्षिका, कारकून, घरकाम करणाऱ्या, दुकानदारांच्या बायका, आणि प्रत्येकीच्या मागेपुढे एखादी शाळकरी नाहीतर कॉलेजातली मुलगी, खाली मान घालून. पुरुषांना मज्जाव होता. माईचा लौकिक एकच, पण तो साऱ्या शहरात पसरलेला: तिला काही सांगावं लागत नाही. डॉक्टर विचारतात, कुठे दुखतं, कधीपासून, कपडे काढा. माई काहीच विचारत नाही. डोळे मिटते आणि ओळखते.

तिचे नियम मोजके होते. माईशी बोलायचं नाही. मनगटाला पांढरी पट्टी बांधूनच आत यायचं. आणि एका घरातल्या दोघींनी शेजारी बसायचं नाही, कारण घरच्या माणसाची सावली पडली की शरीर खोटं बोलतं.

"शरीर बंद पेटी आहे," माई दर थोड्या वेळाने सगळ्यांना समजावून सांगायची. "तोंड उघडलंत की किल्ली हरवली. आजाराला कान असतात, बायांनो. नाव घेतलं की त्याला वाटतं, आपल्याला हाक मारली. तो येतो, बसतो, वाढतो."

या हिशेबाने आमच्या गल्लीतला घरमालक कधीच मरायला हवा होता. त्याचं नाव न घेण्याची सगळ्यांनी किती काळजी घेतली होती. पण हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं. मीही नाही. तीन महिन्यांपूर्वी माझी आई गेली होती, आणि दवाखान्यात नेईपर्यंत तिच्या मनगटावर इथलीच पट्टी होती.

आई बायकांचे कपडे शिवायची. गल्लीतल्या प्रत्येकीच्या छातीचं, कमरेचं माप तिला तोंडपाठ होतं. कुणाला दिवस गेलेत हे नवऱ्याच्या आधी आईच्या टेपला कळायचं. पण टेप गळ्यात अडकवली की ती गप्प. आमच्या घरात गळ्याच्या खाली आणि गुडघ्यांच्या वर एकच अवयव होता, पोट. पाळी आली की पोट दुखायचं. ताई गरोदर होती तेव्हा तिचं पोट बरं नव्हतं. समोरची मुलगी एका मुलाबरोबर निघून गेली तेव्हासुद्धा आई म्हणाली, "तिच्या आईच्या पोटात कसं कालवत असेल."

मला पहिल्यांदा पाळी आली त्या दिवशी आईने मशीनवर मऊ कापडाच्या घड्या करून ठेवल्या आणि बाहेर जाताना दार ओढून घेतलं. घड्यांचे काठ दुमडून शिवलेले होते, टोचू नयेत म्हणून. इतकी माया तिच्या हातात होती, आणि त्याबरोबर द्यायला एक वाक्य तिच्याकडे नव्हतं. तिलाही कुणी दिलं नसणार.

पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर तिला पुन्हा रक्त जायला लागलं. हे मला फार उशिरा कळलं. दिसत होतं ते एवढंच की ती मशीनवर बसताना खाली जाड कापड घेते आणि उठताना ते पटकन गुंडाळते.

"आई, काय होतंय?"

"काही नाही गं. पोट."

"डॉक्टरांकडे जाऊ या."

"माईकडे जातेय ना. गुण येतोय."

मी हट्ट धरला की ताई मध्ये पडायची. ताई आईबरोबर दुकानात शिवायची, दोघींची मशीनं समोरासमोर. "जाऊ दे ना तिला," ती म्हणायची. "निदान तिथे कुणी हजार प्रश्न विचारत नाही."

एक दिवस कापड बेतता बेतता आई कात्रीसकट खाली बसली ती उठलीच नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रक्त कधीपासून जातंय?" आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिच्या हातांना सूज होती म्हणून नर्सने मनगटावरची पट्टी कापली आणि माझ्या तळहातावर ठेवली. पट्टी कापली होती तरी गाठ तशीच होती. दुहेरी निरगाठ, दोन्ही टोकं आत खोचलेली; काठ आईने बारीक टाक्यांनी शिवलेले.

डॉक्टरीणबाई मला बाहेर घेऊन गेल्या. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, पसरलेला. "पाळी गेल्यानंतर एकदा जरी रक्त दिसलं तरी लगेच तपासायचं असतं," त्या म्हणाल्या. "वर्षभर आधी आणलं असतं तर मला बरंच काही करता आलं असतं." त्या रागावल्या नव्हत्या. थकलेल्या वाटल्या. हे वाक्य त्या किती जणींच्या मुलींना सांगत असतील, असं मनात आलं.

आई गेल्यावर ताईची मुलगी आमच्या डोळ्यांदेखत मिटत गेली. ती पंधरा वर्षांची. माप घेताना टेप तिच्याभोवती सैल पडायची म्हणून आईने तिला काडी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं. शाळेतून आली की ती कोपऱ्यात बसायची, ताट तसंच ठेवायची, न्हाणीघरात तासन् तास कोंडून घ्यायची.

"मी तिला माईकडे नेते," ताई एका दुपारी म्हणाली.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. "आईला माईने काय सांगितलं होतं?"

"उष्णता बाहेर पडतेय."

"आणि?"

"आणि काय. तिचं आयुष्य तेवढंच होतं." ताईने मशीनचं पायडल जोरात दाबलं, टाके कापडाबाहेर गेले.

"काडीला तू विचार ना सरळ."

"काय विचारू? कसं विचारू? विचारलं की म्हणते, काही नाही." टाके उसवता उसवता तिने वर पाहिलं. "तू ये बरोबर. स्वतःच्या डोळ्यांनी बघ. सगळं पुस्तकात नसतं."

मी छापखान्यासाठी मुद्रितं तपासते. घरातला कुठलाही वाद शेवटी माझ्या पुस्तकांपर्यंत येतोच. मी म्हटलं, येते.

बाहेरच्या खोलीत बाकं होती आणि दाराशी एका टोपलीत पांढऱ्या पट्ट्या. एका हाताने दुसऱ्या मनगटावर गाठ मारायचा प्रयत्न करून बघा, जमत नाही. घरच्या बाईला शेजारी बसायला बंदी. मी पट्टी हातात घेऊन उभी राहिले तेव्हा खिडकीपाशी लोकर विणत बसलेल्या एका बाईने सरकून जागा केली. ताई आधीच आत गेली होती, काडी जिन्यावर रांगेत होती.

"आण, मी बांधते," विणणारी बाई म्हणाली. सुया मांडीवर ठेवता ठेवता स्वतःचंच सांगायला लागली. "मीही इथलीच गिऱ्हाईक. पाळी आली की चार दिवस जीव नकोसा होतो. पाय असे गळून जातात. तुमचं काय हो?"

इतक्या साधेपणाने विचारलं तिने. बसमध्ये शेजारच्या बाईला 'कुठे उतरणार' विचारावं तसं. आई गेलीय हे मला अनोळखी माणसाला सांगायचं नव्हतं. "मूल नाही," मी म्हणाले. मला नवराही नाही, पण ते तिने विचारलं नाही. तिने हळहळून मान हलवली आणि माझ्या मनगटावर सैलशी सुरगाठ बांधली, फुलपाखरासारखी, दोन पाकळ्यांची.

म्हणून मघाची ती कूसवाली बाई डोळे पुसत खुर्चीवरून उठली तेव्हा माझी नजर तिच्या हातावर गेली. शिवणाच्या घरात वाढलेलं माणूस चेहरा नंतर बघतं, टाका आधी. तिच्या मनगटावर फुलपाखरू होतं. माझ्यासारखंच.

मी खुर्चीत सरळ होऊन बसले आणि बघायला लागले.

पुढच्या बाईच्या पट्टीची टोकं लांब लोंबत होती. माईचा अंगठा टोकांपर्यंत गेला. "मन," माई म्हणाली. "झोप नाही. कुणाचा तरी विचार आहे." त्यानंतरची एकेरी गाठ. "सांधे. जिना चढताना कळ येते." बाई जिना चढूनच आली होती आणि चढताना सगळ्यांनी तिला पाहिलं होतं. मग एक पन्नाशीची, चेहरा कागदासारखा पांढरा पडलेली बाई आली. तिचं मनगट हातात घेतल्यावर माईचा अंगठा गाठीवर थांबला, टोकं शोधली, आत खोचलेली सापडली.

"लाल," माई म्हणाली. "उष्णता आहे. बाहेर पडतेय, पडू दे. अडवू नकोस. नाव घेऊ नकोस."

मी पर्स उघडली. आईची पट्टी रुमालात होती. दुहेरी निरगाठ, टोकं आत. मी ती त्या बाईच्या हाताशी ताडून पाहिली आणि रुमाल पुन्हा मिटला.

तेवढ्यात काडी बाहेरच्या खोलीतून आत आली आणि माझ्या पुढच्या रांगेत टोकाला बसली. केस कानामागे सारायला तिने हात वर केला. दुहेरी निरगाठ. टोकं आत.

ज्या मुलीला मी अंगाखांद्यावर खेळवलं, तिला रक्ताचा काही त्रास आहे हे मला एका परक्या बाईने मारलेल्या गाठीवरून कळलं. तिच्या आईला तर तेही कळलेलं नव्हतं. ती पहिल्या रांगेत हात जोडून बसली होती. थोड्या वेळाने काडी त्या खुर्चीवर बसणार होती, आणि तिलाही सांगितलं जाणार होतं, पडू दे, नाव घेऊ नकोस.

"आजी," मी शेजारी वाकून म्हटलं, "बाहेरच्या विणणाऱ्या बाईला तुम्ही काय सांगितलंत?"

"गुडघे. का?"

"तुमची पट्टी मला द्या. माझी तुम्ही घाला."

"तुझी काय जास्त चांगली आहे?"

"एक बघायचंय."

आजींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. जन्मभर तराजूचा काटा पाहिलेली नजर होती ती. "वजनात खोट आहे म्हणतेस?"

"वाटतंय."

"आण मग."

पट्ट्या सैल होत्या, हातावरून सहज सरकल्या. आजींचा नंबर काडीच्या आधी होता. त्या खुर्चीपर्यंत डुलत गेल्या, शाल सावरून बसल्या आणि आपलं गुबगुबीत मनगट पुढे केलं. माईचे डोळे मिटलेले. अंगठ्याला पाकळ्या लागल्या.

"कूस," माई म्हणाली. "घरची माणसं बोलतात. तू उलटून बोलत नाहीस. धीर धर, पोरी. वर्षाच्या आत पाळणा हलेल."

हॉलमधल्या बायका आजींच्या पिकल्या केसांकडे बघायला लागल्या.

"माई," आजी आपल्या बाजारातल्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या नातवाला मिशा फुटल्यात. पाळणा हलवायला आधी गुडघे तरी द्या."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग ते हसू रांगारांगांतून पसरलं. माईने डोळे उघडले. ती गडबडली, पण सावरली लगेच. "मी या जन्माचं बोलत नाहीये."

"मग पट्टी जपून ठेवते, पुढच्या जन्मी घालून येते."

"तुझ्यावर कुणाची तरी सावली पडलीय. शेजारी घरचं कुणी बसलं होतं?"

"घरचं नाही," मी उभी राहिले. "मी बसले होते. आजींच्या हातावर माझी पट्टी आहे. माझ्याजवळ त्यांची. तुम्हाला बाई कळत नाही, माई, गाठ कळते. बाहेर खिडकीपाशी बसणारी बाई सगळ्यांना विचारते, आपण सगळ्या तिला सांगतो, आणि ती त्याप्रमाणे गाठ मारते. आठवून बघा. माईशी आपण कुणीच बोललो नाही, पण तिच्याशी बोललो की नाही?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. प्रत्येकीला वाटत होतं की आपण आपल्यासारख्याच एका दुखणेकरी बाईपाशी घटकाभर मन हलकं केलं, आणि घरी जाऊन सगळ्यांना सांगताना ते विसरून गेलो. 'मी एक शब्दसुद्धा बोलले नाही' असंच सगळ्यांनी सांगितलं होतं. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

"सुरगाठ म्हणजे मूल," मी म्हणाले. "एकेरी गाठ म्हणजे सांधे. टोकं लोंबती असली की..."

आणि मी थांबले. कारण साऱ्या हॉलभर बायका बाह्या खाली ओढत होत्या. कुणी मनगट शालीखाली घेतलं, कुणी पर्सखाली, कुणी दुसऱ्या हाताने घट्ट झाकलं. मी एक एक गाठ उलगडून सांगितली असती तर प्रत्येकीचं लपवलेलं शेजारणीला वाचता आलं असतं. सासवा सुनांच्या हातांकडे पाहत होत्या, सुना जमिनीकडे. काडीने आपला हात गुडघ्यांच्या मध्ये दाबून धरला होता.

"पुढे सांगणार नाही," मी म्हटलं. "जिचं तिने ठरवावं."

"आता काय ठरवायचं?" एक बाई रागाने उठली. "बाई, तुमचं ठीक आहे. आम्हाला बोलायला ही एकच जागा होती." ती तरातरा निघून गेली. तिच्यामागे आणखी पुष्कळ जणी गेल्या.

माई मागच्या दाराने निघताना म्हणत होती, अविश्वासाने मी मंतरून दिलेलं पाणी नासतं, जिने तिने घरी नेलेली बाटली बघावी. तिचं कुणी फारसं ऐकलं नाही, कारण त्याच वेळी आजींनी दाताखाली धरून मनगटावरची पट्टी ओरबाडून काढली.

"माझे गुडघे दुखतात," त्या म्हणाल्या. "आणि खोकलं की लघवी सुटते. हे दुसरं मी त्या बाईलाही सांगितलं नव्हतं. घ्या. सांगितलं. छत पडलं का?"

छत पडलं नाही. कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, "माझीही सुटते." मागे एक आई आपल्या मुलीला दबक्या आवाजात विचारत होती, "तिला काय सांगितलंस? मला का नाही सांगितलंस?" मुलगी म्हणाली, "तू विचारलं होतंस?"

ताई पहिल्या रांगेतून उठून आली. ती काडीच्या पुढ्यात फरशीवरच बसली आणि तिचा हात बाहेर काढला. जन्मभर गाठी मारलेल्या, उसवलेल्या तिच्या बोटांना ती निरगाठ सुटेना. शेवटी शिवताना दोरा तोडतात तशी तिने पट्टी दाताने तोडली.

"काय होतंय गं तुला?"

"काही नाही."

"असं तुझी आजी म्हणायची," ताई म्हणाली. "तू नाही म्हणायचंस. मला विचारता येत नाही, काडी. मला कुणी शिकवलं नाही. मी वेडंवाकडं विचारीन, तू वेडंवाकडं सांग. पण सांग."

काडीने तुटलेली पट्टी उचलून बोटाला गुंडाळली. "महिन्यातून दोनदा पाळी येते," ती शेवटी म्हणाली. "खूप येते. आजीच्या चादरी मी धुतल्या ना, तेव्हापासून. आजीलाही रक्तच जायचं. मलाही तेच झालंय." मग अगदी समजूतदारपणे, जणू आम्हाला धीर देत, म्हणाली, "मला माहितीये मी मरणार आहे. मी फक्त तुला सांगत नव्हते."

तीन महिने ती हे एकटीने वाहत होती, आमच्या शेजारच्या खाटेवर झोपून. ताईने तिला जवळ ओढलं. मी त्यांना तिथेच ठेवून बाहेरच्या खोलीत आले.

विणणारी बाई लोकर पिशवीत भरत होती. पळून जायची घाई दिसली नाही. मी तिच्यासमोर आईची पट्टी धरली.

"ही शिवणाऱ्या बाईंची," मी सांगायच्या आधीच ती म्हणाली. "टोकं आत असली तरी पट्टीला काठ शिवून घ्यायच्या त्या. सुटी शिवण बघवत नाही म्हणायच्या. माझी बाही उसवली होती, तिला इथेच बसून टाके घालून दिले त्यांनी. कशा आहेत?"

"गेल्या."

तिने पिशवी खाली ठेवली.

"तुम्हाला त्या काय सांगायच्या?" मी विचारलं.

"सगळं. पहिल्याच दिवशी. मी एवढंच विचारलं, 'बाई, काय होतंय?' आणि बोलायलाच लागल्या. किती जातं, कसं जातं, वास कसा येतो. शब्द न शब्द. थांबेनात. पुढच्या वेळी तर माझ्याआधी येऊन बसल्या होत्या."

"मी रोज विचारायचे. मला म्हणायची, काही नाही."

"मुलगी शिकलेली आहे म्हणायच्या. पुस्तकं तपासते. तिला सगळ्याची चांगली चांगली नावं माहीत असतील, तिच्यासमोर मी हे अडाणी शब्द कसे काढू." तिने पिशवीचे बंद ओढले. "मी माईला म्हटलं होतं, हिला दवाखान्यात जायला सांगा. माई म्हणाली, तू गाठ मार."

"आणि तुम्ही मारलीत."

"मारली."

बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण माझ्या आईला शेवटच्या वर्षात मोकळेपणाने ऐकून घेणारं माणूस ते एकच होतं, हेही खरं होतं, आणि या दोन गोष्टी एकाच तोंडाने कशा बोलायच्या ते मला कळेना.

आम्ही काडीला घेऊन तडक त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आम्हाला ओळखलं. काडीला शेजारी बसवून त्यांनी विचारलं, "काय होतंय?"

"पोटात..." काडीने ताईकडे पाहिलं आणि थांबली. मग म्हणाली, "पाळी. लवकर येते आणि रक्त जास्त जातं."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, रक्त घेतलं आणि मग कागदावर चित्र काढलं. हे गर्भाशय, हे त्याचं मुख, ही योनी. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं ती पुढेमागे होते, दुःखाने, जेवण सोडल्याने आणखी बिघडते. काडीच्या अंगात रक्त कमी होतं, त्याला गोळ्या होत्या. आजीचा आजार चादरींतून येत नाही. तो बहुतेक वेळा एका विषाणूमुळे होतो, तो शरीरसंबंधातून पसरतो, आणि त्याची लस असते, ती तुझ्या वयातच घ्यावी. हे सगळं त्यांनी रस्ता सांगावा तशा आवाजात सांगितलं. काडी चित्राकडे टक लावून पाहत होती.

"म्हणजे आजीने सांगितलं असतं तर..." ती म्हणाली.

ताई खिडकीकडे बघत होती.

"आणखी काही विचारायचंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

काडीने बोटं मोडली. "एक मुलगा शाळेपासून रोज बरोबर येतो. चांगला आहे तसा. पण हात धरतो, आणि नाही म्हटलं की रुसतो. मग नाही म्हणायचं की नाही?"

डॉक्टरीणबाईंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी ताईकडे पाहिलं, आणि वाट पाहिली. ताईचा चेहरा लाल झाला. तिने दोनदा घसा खाकरला.

"रुसू दे," ताई म्हणाली. "ज्याला तुझं नाही ऐकायचं नसतं ना, त्याला तुझं होसुद्धा ऐकायचं नसतं. आणि तो परत रुसला तर मला सांग. मी ओरडणार नाही."

हे तिने कुठून आणलं मला माहीत नाही. कदाचित ते कायम तिच्याजवळच होतं, विचारायला कुणी आलं नव्हतं.

ही हकिगत मी लिहिते आहे ती माईचं बिंग फोडायला नाही. तिचं बिंग एका टोपलीएवढंच होतं. पट्ट्या, चार प्रकारच्या गाठी, बाकी सगळी कुणालाही लागू पडतील अशी वाक्यं. तो हॉल आता बंद आहे, दुसरीकडे दुसरा उघडला असेल. जोवर आपल्या घरात विचारायला माणूस नाही तोवर तो भरतच राहील. माईच्या साऱ्या चमत्कारात खरी गोष्ट एकच होती, ती म्हणजे दारात बसलेली एक बाई 'काय होतंय' असं विचारायची आणि उत्तर येईपर्यंत थांबायची. त्याला सिद्धी लागत नाही.

म्हणून माझी विनवणी साधी आहे. नाव घेतल्याने आजार वाढत नाही. न घेतल्याने वाढतो, मी तो वाढलेला पाहिलाय. आपल्या मुलींना आणि मुलांनाही शरीराच्या सगळ्या भागांची नावं सांगा, हात आणि कान सांगतो तशीच. पाळी यायच्या आधी सांगा, आल्यावर नाही. कुणी हात धरला आणि नको असेल तर काय म्हणायचं ते सांगा. एखादं उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, आणि दोघं मिळून डॉक्टरांना विचारा. शब्द चांगले नसले तरी चालतील. 'काही नाही' हे मात्र उत्तर समजू नका. घरातल्या म्हाताऱ्यांचंसुद्धा.

परवा काडी मशीनचा ड्रॉवर आवरत होती. तिला आईची पट्टी सापडली. गाठ अजून तशीच होती.

"ही कुणाची, मावशी?"

मी हातातलं मुद्रित खाली ठेवलं, तिला जवळ बसवलं आणि सांगितलं. आजीला काय झालं होतं, ते कुठे झालं होतं, रक्त कसं जायचं, ती कुणाशी बोलली आणि काय बोलली, सगळं, त्याच शब्दांत. काडी ऐकत होती आणि ऐकता ऐकता सुईने ती गाठ सैल करत होती. माझं सांगून होईपर्यंत ती सुटली.